ट्रेलरचे दिवे: नाशिकजवळच्या मखमलाबाद-गिरणारे रस्त्यासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

१४ जून

निफाडकडच्या एका शेतकऱ्याकडून दोनचाकी ट्रेलर घेतला. कागद पूर्ण आहेत, टायर बरे आहेत, तळाचा पत्रा नवा आहे. बोलेरोच्या मागे हुक आणि सात पिनांचं सॉकेट आधीच्या मालकानेच बसवून घेतलेलं होतं, त्यामुळे जोडायचं आणि निघायचं असं वाटलं होतं. जोडलं आणि अप्पांना म्हटलं, डावी साईड द्या. डाव्या साईडबरोबर उजवीही लुकलुकायला लागली. नुसती ट्रेलरची नाही, गाडीचीही. ब्रेक दाबल्यावर चारही इंडिकेटर पेटून राहिले. पार्किंग लावलं तर ट्रेलरचा उजवा दिवा निखाऱ्यासारखा मंद, डावा जरा बरा.

अप्पांनी ब्रेक मिनिटभर दाबून धरला आणि सगळं विझलं. १० अँपिअरचा फ्यूज उडाला होता. मागे जाऊन बघितलं तर बोलेरोचे स्वतःचे ब्रेक लाईटही गेलेले. म्हणजे ट्रेलरच्या वायरिंगने गाडीचेही दिवे काढून घेतले, आणि हे चालवणाऱ्याला समोर बसून कळलंही नसतं.

हे काम मी घाईने करणार नाही. मागच्या हंगामात शेजारच्या काकूंचा धाकटा मुलगा अंधारात उभ्या असलेल्या, दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटरसायकलसह आदळला. पायात रॉड आहे, अजून लंगडतो. आमचा टोमॅटो गिरणाऱ्याच्या बाजारात जातो, लिलाव आणि हिशोब आटोपून परत निघायला दिवस मावळतो, आणि मातोरीकडून येणारा रस्ता रात्री काळाकुट्ट असतो. लागवड जूनअखेर, पहिला खुडा ऑगस्टअखेर. तेवढा वेळ हातात आहे.

१५ जून

पहिला नियम ठरवला: गाडी वेगळी तपासायची, ट्रेलर वेगळा. दोन्ही जोडून शोधत बसलं तर दोष कुणाचा तेच कळत नाही.

गाडीचं सॉकेट उघडलं. सात पिनांची आयएसओ १७२४ ही मांडणी अशी आहे: १ डावा इंडिकेटर, पिवळी वायर. २ मागचा फॉग, निळी. ३ अर्थिंग, पांढरी. ४ उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ उजवा पार्किंग, तपकिरी. ६ ब्रेक, लाल. ७ डावा पार्किंग, काळी. आकडे सॉकेटच्या प्लॅस्टिकवर कोरलेले असतात, टॉर्च तिरपा धरला की दिसतात. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, आकड्यावर ठेवायचा. आमच्या सॉकेटात लाल वायर सहाव्या पिनला होती, पण अर्थिंगला काळी होती.

टेस्ट लॅम्पची चिमटी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि एकेक पिन बघितली. पाच सोडून सगळीकडे वेळेवर करंट. पाचव्या पिनचा जोड मागच्या बंपरच्या आत नुसता पिळून टेप गुंडाळलेला निघाला. टेप सोलली तर आत हिरवी बुरशी आल्यासारखं तांबं. कापलं, नवीन जोड केला, पाचवी पिन जागी झाली. गाडीकडून आता सगळं बरोबर येतं. तरी ट्रेलर जोडला की सगळी सरमिसळ तशीच. म्हणजे मोठा दोष ट्रेलरमध्ये.

ट्रेलर तपासायला फवारणीच्या पाठीवरच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरली. निगेटिव्ह तिसऱ्या पिनला, पॉझिटिव्हला ५ अँपिअरचा फ्यूज घातलेली वायर, आणि त्या वायरीने प्लगच्या एकेका पिनला स्पर्श. कुणी गाडीत बसून ब्रेक दाबायची गरज नाही, इंजिनचं काम नाही. ट्रॉली असलेल्या प्रत्येकाच्या घरात हा पंप आहे, म्हणून ही पद्धत मुद्दाम लिहून ठेवते.

पहिल्या पिनला स्पर्श केला: दोन्ही बाजूंचे मोठे दिवे. चौथीला: दोन्ही. सहावीला: दोन्ही. तीन वेगळ्या वायरी ट्रेलरमध्ये कुठेतरी एक झालेल्या आहेत.

१८ जून

सापडलं. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याजवळ टेपचा एक गोळा होता, अंड्याएवढा. तो उलगडला. प्लगपासून गोळ्यापर्यंत सहा वायरी येतात (फॉगची पिन रिकामी आहे), पुढे मात्र चारच जातात: पांढरी, तपकिरी, पिवळी, हिरवी.

हा तयार दिव्यांचा संच अमेरिकी पद्धतीचा आहे. तिकडच्या या साध्या चार वायरींच्या संचात मागे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर चालतात: पांढरी अर्थिंग, तपकिरी पार्किंग, पिवळी डावीकडचा ब्रेक-इंडिकेटर, हिरवी उजवीकडचा ब्रेक-इंडिकेटर. आपल्या गाड्यांत ब्रेकची वायर वेगळी आणि इंडिकेटरची वेगळी. दोन्ही पद्धती आपापल्या जागी नीट आहेत, पण त्या जुळवायला मध्ये कन्व्हर्टर लागतो. ज्याने कुणी हे बसवलं त्याने कन्व्हर्टर न घालता ब्रेकची लाल वायर पिवळी आणि हिरवी दोन्हींना पिळून टाकली. ट्रेलर ब्रेकला पेटतो म्हटल्यावर काम झालं असं समजून दिलं.

फ्यूज का उडाला त्याचा हिशोब मांडला. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो. ब्रेक दाबला की गाडीचे दोन ब्रेक लाईट, चार इंडिकेटर आणि ट्रेलरचे दोन दिवे एकदम पेटतात. आठ बल्ब, १४ अँपिअर. १० अँपिअरचा फ्यूज क्षणभर सोसतो, सिग्नलला उभं राहून ब्रेक धरला की जातो. शनिवारी संध्याकाळी द्वारका चौकात किती वेळ ब्रेकवर पाय असतो ते नाशिककराला सांगायला नको. आणि इंडिकेटर दिला तर तेच आठ बल्ब फ्लॅशरवर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीवर. फ्लॅशर हाताला चांगलाच गरम लागला होता, तो यामुळे.

अशा वेळी मोठा फ्यूज घालायचा मोह होतो. २० चा घातला असता तर उडाला नसता, आणि आतली वायर तापत राहिली असती. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो उडतो तेव्हा आपलं काम करत असतो.

निर्णय: कन्व्हर्टर आणायचा नाही. हा संच काढून आपल्या ट्रॉल्यांना बसतात तसे दिवे घ्यायचे, ज्यात ब्रेक-पार्किंगला डबल पॉइंट (दोन फिलामेंटचा) बल्ब आणि इंडिकेटरला वेगळा सिंगल पॉइंट (एका फिलामेंटचा). उद्या रस्त्यात बल्ब गेला तर दिंडोरीच्या दुकानातही मिळायला हवा.

२२ जून

द्वारकेजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलं: दोन मागचे दिवे, नंबरप्लेटचा एक, सात तारांची केबल, अर्थिंगसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, लग (वायरीवर दाबून बसवायची धातूची टोकं), आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी स्लीव्ह, रबरी बुशिंग, लाल रिफ्लेक्टर.

दिवसभर अंगणात हेच. जुनी वायर एक इंचही ठेवली नाही.

या कामात मी एक गोष्ट जुन्यापेक्षा वेगळी केली. आधी प्रत्येक दिव्याचं अर्थिंग तिथल्या तिथे ट्रेलरच्या सांगाड्याला होतं, आणि सांगाड्याचं गाडीला हुकमधूनही. हुकच्या गोळ्यावर ग्रीस असतं, वरचा कप खड्ड्यात उसळतो, त्यातून करंट कधी जातो, कधी जात नाही. हुक ओढण्यासाठी आहे, त्याला वायर समजू नये. आता प्रत्येक दिव्यापासून वेगळी अर्थिंगची वायर निघते आणि तिसऱ्या पिनपर्यंत जाते.

जोड सगळे लग दाबून आणि वर स्लीव्ह तापवून केले. डाखलं नाही. डाखलेली वायर जिथे डाख संपतो तिथे कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते, आणि आमच्या रस्त्याला हादरे भरपूर. पत्र्यातल्या प्रत्येक भोकात रबरी बुशिंग. प्रत्येक दिव्यात वायर शिरण्याआधी तिला खाली एक झोळ ठेवला, म्हणजे पाऊस वायरीवरून ओघळत दिव्यात न जाता झोळातून खाली गळेल.

बल्बाबद्दल एक. डबल पॉइंट बल्बाच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात, तो एकाच बाजूने बसतो. चुलतभावाने एक जोर लावून उलटा बसवला. पार्किंगला भगभगीत आणि ब्रेकला मंद, असा दिवा झाला. मागच्याला वाटेल हा सतत ब्रेक मारतोय, आणि खरा ब्रेक मारला की दिव्यात फरक जेमतेम दिसेल. होल्डरची खाच वाकली होती, ती सरळ करून पुन्हा बसवला.

संध्याकाळी जोडलं. डावी म्हटलं की डावी. ब्रेक म्हटलं की ब्रेक. अप्पा गाडीतून उतरून मागे आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

६ जुलै

पाच दिवस सलग पाऊस. काल मातोरीहून खत आणलं. घरी येऊन बघते तर ट्रेलरचे चारही दिवे मलूल, आणि ब्रेक दाबला की न दिलेला उजवा इंडिकेटर बारीक पेटतो.

सगळं नवं केलेलं असताना असं झालं, त्यामुळे काल रात्री झोप नीट लागली नाही. आज मल्टिमीटर घेऊन बसले; वायर सलग असली की तो बीप देतो. दिव्याचं अर्थिंग ते तिसरी पिन: बीप. सॉकेटची तिसरी पिन ते गाडीची बॉडी: बीप. आकडा ०.८ ओहम. मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ दाखवतो, म्हणून मी हा आकडा सोडून दिला.

८ जुलै

पेठ रोडवरच्या वायरिंगवाल्या चाचांकडे गेले. ते चाळीस वर्षं ट्रकचं वायरिंग करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, बीप घेतला तेव्हा दिवे चालू होते का?"

नव्हते. इथेच माझी चूक होती. वर्गात मुलांना शिकवते तेच आहे: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. बीप काढताना मीटर जेमतेम मिलिअँपिअर सोडतो, आणि एवढुशा करंटला गंजलेल्या बोल्टवरचा एक ठिपकाही पुरतो. पण दोन ब्रेक, दोन पार्किंग, एक इंडिकेटर आणि नंबरप्लेट मिळून ७८ वॅट होतात, म्हणजे साडेसहा अँपिअर. तेवढे त्या ठिपक्यातून निघत नाहीत.

चाचांनी सगळे दिवे लावायला सांगितले. मीटर व्होल्टवर, एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सॉकेटच्या तिसऱ्या पिनला. तिथे जवळपास शून्य यायला हवं होतं. आलं २.८. बॅटरी १२.४ होती. म्हणजे दिव्यांना ९.६ च मिळत होते. फिलामेंटच्या बल्बाचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने उतरतो. एवढ्या घटीला तो निम्म्याहूनही कमी होतो.

दोष गाडीच्या बाजूला होता. सॉकेटचं अर्थिंग रंग दिलेल्या पट्टीवर नुसतं बोल्टने आवळलेलं. कोरड्या दिवसांत आट्यांमधून कसंबसं चालत होतं, पावसाने गंज धरला आणि वाट अरुंद झाली. पंधरा जूनला मी टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीला लावली होती, त्यामुळे गाडीची तिसरी पिन त्या दिवशी तपासलीच गेली नव्हती. मी सहा पिना तपासल्या होत्या आणि सात तपासल्या असं धरून चालले होते.

उजवा इंडिकेटर का पेटायचा, हे घरी येऊन अप्पांना पाटाच्या पाण्यावरून सांगितलं. मुख्य चारी गाळाने भरली की पाणी थांबत नाही, बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरतं. तसंच ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला तिसऱ्या पिनमधून परत जायला वाट पुरेना. मग तो बंद असलेल्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरून गाडीच्या बाजूच्या बल्बांतून अर्थिंग शोधतो. म्हणून एक खूण लक्षात ठेवली: न दिलेला दिवा अंधुक पेटला, किंवा एक दिवा लावल्यावर दुसरा मंदावला, तर बल्ब बदलत बसायचं नाही, आधी अर्थिंग बघायचं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. पॉलिश पेपरने पट्टी चकचकीत होईपर्यंत घासली, नवा लग, दातेरी वॉशर, बोल्ट आवळून वर व्हॅसलिन. शिवाय तिथून २.५ ची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. पुन्हा सगळे दिवे लावून मोजलं: ०.२ व्होल्ट. चाचांनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी मेथीच्या जुड्या नेणार आहे.

२० जुलै

आज एक वेगळाच प्रश्न लक्षात आला, आणि त्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलताना ऐकलेलं नाही.

गाडीचा एखादा इंडिकेटर बल्ब गेला की टिकटिक जलद होते, हे सगळ्यांना माहीत आहे. फ्लॅशरला बल्ब कमी झाल्याचं करंटवरून कळतं. पण ट्रेलर जोडला की त्या बाजूला एक बल्ब वाढतो. ट्रेलरचाच बल्ब गेला तर करंट पुन्हा गाडीच्या नेहमीच्या मापावर येतो आणि टिकटिक अगदी नेहमीसारखी राहते. आज तसंच झालं. डॅशबोर्डवर बाण शांतपणे लुकलुकत होता आणि ट्रेलरची डावी बाजू मुकी होती. किती दिवसांपासून, देव जाणे. बल्ब हादऱ्याने गेला होता.

म्हणजे चालवणाऱ्याला आत बसून हे कळण्याचा मार्गच नाही. आता पद्धत अशी: निघण्याआधी हॅझर्ड आणि पार्किंग लावून मागे एक फेरी, आणि ब्रेकसाठी गाडी मागे घेऊन गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर उजेड बघायचा. एकटं असलं तरी जमतं. दोन मिनिटं लागतात.

३ ऑगस्ट

चुलतभावाने नवी गाडी घेतली. त्याला हाच ट्रेलर तिच्यामागे लावायचा आहे. त्याच्या गाडीचे मागचे दिवे कॉम्प्युटरवर चालतात. तिथे वायरीला ब्लेडचा क्लिप मारून करंट चोरायचा नाही. असा कॉम्प्युटर प्रत्येक दिव्याचा करंट बघत असतो. जास्तीचा बोजा दिसला की तो बिघाड समजून दिवा बंद करू शकतो, आणि काही गाड्यांत पार्किंगचा करंट सलग नसून तुकड्यातुकड्यांनी येतो. तिथे वेगळा मॉड्यूल लागतो, जो स्वतःचा करंट फ्यूजमधून थेट बॅटरीकडून घेतो आणि गाडीच्या वायरीतून फक्त इशारा घेतो. त्याला सांगितलं, गाडीच्या वॉरंटीत काय बसतं ते आधी लेखी विचार. तो थोडा नाराज झाला. होऊ दे.

३० ऑगस्ट

पहिला खुडा. वीस किलोचे तीस क्रेट, म्हणजे ६०० किलो. भरल्यावर ट्रेलरचा दांडा खाली बसला आणि केबल जमिनीला टेकायला लागली. रिकाम्या ट्रेलरवर लांबी मापली होती, ते चुकलं. केबल दांड्याला वर बांधून घेतली, मग गाडी दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितली, वळणावर ताण येत नाही एवढी ढील ठेवली.

भाव बरा मिळाला. निघायला साडेसात झाले. मी चुलतभावाच्या मोटरसायकलवर मुद्दाम मागे राहिले. मुंगसऱ्याच्या अलीकडे दोनशे पावलांवरूनही दोन्ही लाल दिवे आणि मधला पांढरा नंबर स्वच्छ दिसत होता. एका ठिकाणी अप्पांनी खड्ड्यासाठी ब्रेक मारला, आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला.

१४ सप्टेंबर

काकूंचा मुलगा आला होता. ट्रेलरभोवती फिरून बघितला आणि म्हणाला, "ताई, आमच्या ट्रॉलीचं पण बघाल का?" आठवड्यात वस्तीवरच्या सहा ट्रॉल्या यादीत आल्या. उसाची वाहतूक सुरू होण्याआधी सगळ्या करायच्या आहेत.

आज दोन तपासल्या. पंपाची बॅटरी मी धरली, तो आकडे वहीत लिहीत होता. पहिलीत दिवेच नव्हते, फक्त वायरी लोंबत होत्या. तिला वायर पूर्ण नवी लागेल. दुसरीचे दिवे चांगले, पण सगळे लावून मोजलं तर तिसऱ्या पिनवर ३.१ व्होल्ट. त्याने विचारायच्या आधीच पॉलिश पेपर काढला.

चार राहिल्या आहेत. अर्थिंगची वायर संपली, उद्या द्वारकेहून वीस मीटर आणि एक डझन दातेरी वॉशर.